७१ हजार फोटो, पाच महिने आणि डिजीकॅम

२०२३ च्या भाऊबीजेला ओवाळून झालं न झालं तोच दादानं विषय काढला, की एप्रिलमधे अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, सहस्रचंद्रदर्शन करायचंय, १४ तारखेचा रविवार आहे, हॉल मिळतोय, तर तू जरा घरातले सगळे जुने फोटो एका जागी आण आणि पडद्यावर दाखवता येतील असं काहीतरी कर. "तुला येतं, तू आधी केलंवतंस की."

हे "आधी केलंवतंस" बरोब्बर लागलं. कारण खरंच केलं होतं. २०११ च्या मे महिन्यात सांगलीला माहेरी जाऊन मी पिकासावर, म्हणजे गूगलच्या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरवर, दीड महिना बसले होते, एकेका चेहऱ्याला नाव दिलं होतं, आजी तेव्हा होती, ती शेजारी खुर्चीत बसून सांगायची आणि मी टाइप करायचे. मग २०१४ ला तो लॅपटॉप फॉरमॅट केला. बॅकअप घेतला होता हो, पण फक्त फोटोंचा. नावं फोटोत नव्हतीच, ती पिकासाच्या स्वतःच्या लपलेल्या फायलींमधे होती आणि त्या मी उचलल्याच नाहीत कारण दिसल्याच नाहीत. नावं फोटोतच लिहायचा पर्याय पिकासात होता, मी तो कधी टिक केला नव्हता. दीड महिना गेला त्याचं एवढं नाही, आजी २०१३ लाच गेली होती. पुढे २०१६ ला गूगलनं पिकासाच बंद केलं म्हणजे परत तिकडे वळायचा प्रश्नच मिटला.

तर यावेळी एकच अट होती, नाव फोटोच्या फाइलमधे लिहिलं गेलं पाहिजे, सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी. आणि फुकट हवं, कारण महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर मी सहाव्या महिन्यात बंद करते हे मला माहितीये. त्यात डिजीकॅम सापडलं. फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर, केडीई नावाच्या खुली सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या गटाचं आहे, २००१ पासून चालू आहे, सोर्स खुला, लिनक्सवर विंडोजवर मॅकवर सगळीकडे चालतं. मी सुरू केलं तेव्हा ८.१ होतं, मधेच डिसेंबरमधे ८.२ आलं.

पण सॉफ्टवेअर लांबच राहिलं, आधी फोटो गोळा करायचे होते आणि त्यातच नोव्हेंबर गेला आणि डिसेंबरही निम्मा गेला.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा खालची खोली पूर्ण पाण्यात होती आणि खालच्या कपाटात जुने अल्बम. जे वाचले ते पानांच्या प्लॅस्टिकला कायमचे चिकटलेत. वर माळ्यावर सीडींचा डबा होता तो कोरडा राहिला. त्यात ४१ सीडी, २००३ ते २०१०, वर मार्करनं "दिवाळी", "दिवाळी २", "मिक्स" वगैरे. आता कुणाच्याच लॅपटॉपला सीडी लागत नाही म्हणून यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला, १,६५० रुपये. ३३ सीडी पूर्ण वाचल्या, पाच अर्ध्यामुर्ध्या, तीन अजिबात नाहीत. खराब सीडी नेहमीसारखी कॉपी-पेस्ट करू नका, एका फाइलवर अडकलं की सगळंच थांबतं. विंडोजमधे फायली कॉपी करायची रोबोकॉपी नावाची कमांड असते ती वापरा, पण तिला मुळात एकेक फाइल दहा लाख वेळा परत वाचून बघायची सवय लावलेली आहे, दर वेळी मधे ३० सेकंद थांबून. मला हे माहीत नव्हतं. रात्रभर ड्राइव्ह घरघरत होता, सकाळी बघते तर त्याच फाइलवर. आर (किती वेळा) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबून) या दोन पर्यायांना १ द्यायचं, मग ती एकदाच परत बघते आणि नाही जमलं तर पुढं जाते.

चिकटलेले अल्बम एका स्टुडिओत स्कॅनला दिले. ३४० फोटो, ८ रुपयांप्रमाणे २,७२०. आठवडा म्हणाले, तीन आठवडे लागले, आणि पहिल्या खेपेला त्यांनी स्कॅन केलेच नव्हते, मोबाइलनं फोटोचे फोटो काढून दिले होते, प्रत्येकात वर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी. परत पाठवले. द्यायच्या आधीच विचारून घ्या की फ्लॅटबेडवर (काचेच्या सपाट स्कॅनरवर) करणार का आणि किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके), ६०० म्हणून पावतीवर लिहून घ्या. प्लॅस्टिक ओढून फोटो सोडवायला जाऊ देऊ नका, वरून प्लॅस्टिकसकट स्कॅन केलं तरी चालतं, आमचे तसेच केले.

माझ्या फोनमधले फोटो गूगल फोटोजवर होते. २०२१ च्या जूनपासून तिथलं फुकटचं अनलिमिटेड गेलं, तेव्हापासून १५ जीबीच्या काठावर बसूनच होते. गूगलची आपला डेटा मागवून घ्यायची टेकआउट म्हणून सोय आहे, तिच्यातून सगळे मागवले. मागणी केल्यावर दोन दिवसांनी मेल आला, त्यात झिपचे तुकडे, आणि लिंक आठवडाभरच टिकते तर घरी नेट नीट असताना मागणी करा. वहिनीचा फोन, दादाचे दोन जुने फोन, अण्णांचं व्हॉट्सअ‍ॅप (त्यातले सुप्रभात आणि नागपंचमीचे शुभेच्छा फोटोच चार हजार!). १७ डिसेंबरला आकडा लागला ७१ हजार आणि वर काही, २१८ जीबी.

दोन टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, ५,४०० आणि ५,७००. एका डिस्कवर जसं गोळा झालं तसंच सगळं टाकलं, त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं "सोवळ्यातली, हात लावायचा नाही" आणि कपाटात. काम सगळं लॅपटॉपवरच्या दुसऱ्या कॉपीवर. पुढे तीनदा त्या सोवळ्यातल्या डिस्कनं वाचवलंय म्हणून सांगते.

डिजीकॅम पहिल्यांदा उघडलं की प्रश्न विचारतं. फोटो कुठल्या फोल्डरमधे आहेत, डेटाबेस, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, कुठे ठेवू (नेटवर्कवरच्या डिस्कवर नको, लॅपटॉपमधेच ठेवा), आणि एक पान असं येतं की माहिती फोटोंच्या फायलींमधे लिहू का काहीच करू नको. इथे नेक्स्ट नेक्स्ट करू नका. फायलींमधे लिही असंच सांगायचं. नंतर सेटिंगमधल्या मेटाडेटाच्या (फोटोच्या आत लिहिलेल्या माहितीच्या) पानावर जाऊन चेहऱ्यांच्या टॅगसमोर टिक आहे ना ते परत बघायचं. मी तर एका फोटोला "अण्णा" असा टॅग दिला, तो फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर नेला जिथे डिजीकॅमचा मागमूस नाही, प्रॉपर्टीजमधे डिटेल्स उघडलं तर टॅग्जसमोर मराठीत "अण्णा". मग कुठे धीर आला.

आणखी एक सवय करावी लागते. यात अल्बम म्हणजे डिस्कवरचा खराखुरा फोल्डरच असतो. इथे अल्बम उडवला की तिथला फोल्डर उडाला. उडवलेलं डिजीकॅमच्या स्वतःच्या कचरापेटीत जातं तेव्हा लगेच रडू नका, पण डिस्कवर जागा का मोकळी होत नाहीये म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवत होते त्याचंही कारण हेच, ती पेटी रिकामी करावी लागते.

पहिलं काम तारखांचं. हे आधी करा, चेहऱ्यांचा मोह कितीही झाला तरी, कारण तारखा चुकीच्या असल्या तर २००८ चा माणूस २००६ मधे जाऊन बसतो आणि सगळी रांग बिघडते. आमचा पहिला डिजिटल कॅमेरा, त्याची आतली बॅटरी उतरली की घड्याळ मागं जायचं आणि कुणी लावायचं नाही. दादाचं लग्न डिसेंबर २००८ चं, फोटोंवर तारीख २००६ ची. डिजीकॅममधे वेळ दुरुस्त करायचं टूल आहे, सगळे फोटो निवडून एकदम पुढेमागे सरकवता येतात, आणि त्यात एक फारच हुशार सोय आहे, एखाद्या फोटोत घड्याळ दिसत असेल तर तो फोटो दाखवायचा, घड्याळात किती वाजलेत ते भरायचं, फरक ते स्वतः काढतं. मी लगेच शोधला. मंगल कार्यालयाच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ, स्पष्ट आठ वाजून दहा मिनिटं. भरलं, ६१२ फोटो सरकवले. झालं असं की अक्षता पडताहेत त्या सव्वाआठला, आणि पंगती बसल्या साडेनऊला. सकाळी. वहिनीला दाखवलं तर ती म्हणाली अहो वन्सं, ते घड्याळ बंद होतं, आम्हाला तेव्हाच हसू आलं होतं.

मग लग्नपत्रिका काढली. मुहूर्त १२ वाजून २४ मिनिटं. दादाला विचारलं वेळेवर लागलं का, तो म्हणाला आपल्याकडचं काहीतरी विचारतेस, वीस मिनिटं तरी उशीर. वहिनी म्हणाली दहा. पंधरा धरले. हे जे काही शास्त्रीय पद्धतीनं ठरलं त्यावर ते ६१२ फोटो आता उभे आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपनं आलेल्या फोटोंमधे आतली तारीख पुसलेलीच असते. फाइलच्या नावात आठ आकडे असतात वर्ष महिना दिवस असे, त्यातून ते टूल तारीख उचलतं. फक्त ती फोटो आला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नव्हे. वहिनीच्या आईनं २०१८ ला पाठवलेला मुंजीचा फोटो १९९४ चा आहे. असे जितके लक्षात आले तितके हातानं केले. स्कॅन केलेल्यांना तर नुसतं अंदाजे वर्ष दिलं, १ जानेवारी टाकून.

डुप्लिकेट शोधायच्या आधी ते प्रत्येक फोटोचा ठसा घेतं. माझा आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, दोन रात्री लागल्या, झोप मोड बंद करून ठेवा नाहीतर मधेच थांबतं. साम्य किती टक्के हे आपण सांगायचं. मी उत्साहात ९० ला शोधलं आणि एकापाठोपाठ काढलेले सगळे फोटो डुप्लिकेट म्हणून आले, गोव्याच्या समुद्रावर भाचा उडी मारतोय त्याचे नऊ, त्यातले आठ मी उडवलेही. (सोवळ्यातली डिस्क, वेळ पहिली.) मग आधी १००, मग ९७, त्याच्या खाली गेलेच नाही. दोन्हीत मोठी फाइल ती ठेवायची, कारण व्हॉट्सअ‍ॅपवाली नेहमी बारकी असते. जानेवारीच्या शेवटी ४३ हजार उरले, १३९ जीबी.

आता चेहरे. पहिल्यांदा ते चेहरे ओळखायचं मॉडेल डाउनलोड करतं, काही शे एमबी आहे, मोबाइलच्या नेटवर करू नका. मग सगळे फोटो चाळून चेहरे शोधतं, तिथेही एक रात्र आणि एक रविवार गेला. शोधून "अनोळखी"च्या ढिगात टाकतं. आपण थोड्यांना नावं द्यायची, मग ओळखायला सांगायचं, ते अंदाज करतं, आपण हो किंवा नाही म्हणायचं. प्रत्येक माणसाचे वेगवेगळ्या वयाचे पंधरा-वीस तरी चेहरे आधी द्या, नुसते लग्नातले दिले तर ते मुंडावळ्यांवरून माणसं ओळखायला लागतं असं माझं मत झालंय.

भिंतीवरच्या कॅलेंडरमधली लक्ष्मी, साबणाच्या जाहिरातीतली बाई, फ्रेममधले पणजोबा, सगळ्यांना ते माणूस समजतं. आणि गौरी! आमचे मुखवटे पितळी, त्याच दोघी दरवर्षी, तोच अँगल, चेहरा वयानं बदलत नाही, तर २००४ पासून २०२३ पर्यंतच्या सगळ्या गौरी त्यानं एकही चूक न करता ओळखल्या. अण्णांना मात्र मिशी काढल्यावर ओळखलं नाही. शेवटी मी ज्येष्ठा-कनिष्ठा असा टॅग करूनच टाकला.

नावं कशी लिहायची यात मी पहिला आठवडा चुकले. "काकू" लिहिलं, मग लक्षात आलं काकू पाच आहेत. "आत्या" लिहिलं तर ती माझी आत्या, आईची वन्सं, आणि माझ्या मुलीनं उद्या उघडलं तर तिला कळणार कसं कुणाची आत्या. नाती टॅगमधे टाकूच नका, पूर्ण नाव टाका. पण तिथेही आपल्याकडे गंमत आहे, बायकांची नावं लग्नात बदललेली. आत्या माहेरची शालन, सासरची मंगल. माहेरच्या अल्बममधली आणि सासरच्या अल्बममधली एकच बाई. मी "मंगल, माहेरची शालन" असा एकच टॅग केला, कुठल्याही नावानं शोधलं तरी सापडते. टॅगच्या आत टॅग करता येतात तर वर "अण्णांकडचे", "आईकडचे", "शेजार" असे तीन भाग केले, ते पुरले.

१८ फेब्रुवारीला लॅपटॉप घेऊन मिरजेला आत्याकडे गेले. आत्या ८४ वर्षांची, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. तिला अनोळखी चेहऱ्यांचा ढीग दाखवायला लागले तर नुसत्या कापलेल्या चेहऱ्यांवरून तिला काही सांगता येईना. "अगं असं नुसतं तोंड काय दाखवतेस, पूर्ण बाई दाखव." पूर्ण फोटो उघडला की पटापट. एका फोटोत बाई पाठमोरीच होती, चेहरा म्हणून सॉफ्टवेअरनं मागच्या मुलाचा पकडला होता, आत्या त्या मुलाकडे बघेचना, तिचं बोट त्या पाठमोऱ्या बाईच्या पदरावर. "ही इरकल माझी. तुझ्या आईनं नेसायला नेली होती बारशाला. म्हणजे ही तुझी आई. आणि बारसं तुझं." मी तो फोटो दादाच्या मुंजीत टाकला होता. स्कॅन केलेला, १ जानेवारी १९८३ अशी तारीख ठोकलेला. खरी तारीख मला पाठ आहे, माझं बारसं आहे. चेहरा नसला तरी हातानं चौकट काढून नाव देता येतं, आईच्या पाठीभोवती काढली.

आत्याकडे सकाळी दहाला बसलो ते चारला उठलो, मधे पोहे आणि आमटीभात. १८६ चेहरे लागले. म्हाताऱ्या माणसांना दोन तासांच्या वर बसवू नका खरं तर, शेवटी शेवटी ती सगळ्यांना "ती बाई असेल मिरासाहेबाच्या उरुसातली" म्हणत होती. फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं ते बरं झालं, टाइप करताना अर्धं सुटलं होतं.

मार्च महिना मोठ्या घोटाळ्यात गेला. डेटाबेसमधली सगळी माहिती फायलींमधे उतरली का याची खात्री म्हणून मी देखभालीच्या टूलमधून दोन्हीचा मेळ घालायला सांगितलं. त्यात दिशा असते, डेटाबेसकडून फोटोंकडे की फोटोंकडून डेटाबेसकडे. मी रात्री साडेअकराला पेंगत उलटी निवडली. स्कॅन केलेल्यांच्या काही फायली रीड-ओन्ली, म्हणजे नुसत्या वाचता येणाऱ्या, होत्या (स्टुडिओनं सीडीवर दिलेल्या, कॉपी करताना तो शिक्का तसाच राहिला), तिथे नावं कधी लिहिलीच गेली नव्हती, त्यामुळे आत्यानं सांगितलेल्यातली साठेक नावं डेटाबेसमधूनही गेली. त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. २०११ परत. पण रेकॉर्डिंग होतं. तीन संध्याकाळी ते ऐकून परत भरली, आधी फायलींचा रीड-ओन्ली काढून. डेटाबेसच्या फायलींची कॉपी रोज घेतली असती तर दहा मिनिटांचं काम होतं, डिजीकॅम बंद करायचं आणि डीबीवाल्या फायली पेन ड्राइव्हवर टाकायच्या, बस. तेव्हापासून घेते.

ही नावं लिहिली की प्रत्येक फाइल बदलते, म्हणजे बॅकअप परत सगळाच जातो, तर दुसऱ्या डिस्कवरची कॉपी सगळ्यात शेवटी करा.

एडिटिंगबद्दल फार नाही सांगण्यासारखं. स्कॅन केलेले फोटो लालसर झाले होते, रंगांचं ऑटो करेक्शन निम्म्यांना पुरलं, बाकीच्यांना व्हाइट बॅलन्स हातानं. सेव्ह केलं की मूळ फोटो तसाच राहतो आणि शेजारी व्ही१ अशी नवी फाइल होते, म्हणून निर्धास्त खेळा. पुराच्या पाण्याचे डाग एका फोटोवरचे काढायला दीड तास घालवला आणि मग वाटलं राहू दे डाग, बाकीच्यांचे काढलेच नाहीत. पडद्यासाठी पाच तारे दिलेले १४० फोटो निवडले आणि बॅच टूलनं एकदम लहान करून घेतले.

खर्च सगळा मिळून १५,४७० आला, त्यात सॉफ्टवेअरचे शून्य. वेळ म्हणाल तर आठवड्याला चार-पाच रात्री, साडेनऊ ते साडेअकरा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अनोळखी म्हणून २१२ चेहरे उरले होते. आत्यालाही न लागलेले. त्यातले ज्यांच्यात चेहरा नीट दिसतो असे ४८ मी दोन मोठ्या कागदांवर छापले, प्रत्येकाला नंबर, खाली रेघ, आणि हॉलच्या दाराशी रांगोळीच्या वर टाचून शेजारी दोऱ्याला पेन बांधून ठेवलं. वहिनी म्हणाली हरवलेल्यांची जाहिरात वाटतेय. पडद्यावरच्या स्लाइड शोपेक्षा तिथेच गर्दी जास्त. जेवणं होईपर्यंत १९ रेघा भरल्या, दोन ठिकाणी दोन वेगवेगळी नावं आणि एका ठिकाणी भांडण.

मी पेन संपलं का बघायला गेले तर अण्णांच्या जुन्या ऑफिसातले एक काका चष्मा कपाळावर चढवून नंबर ३१ च्या अगदी जवळ जाऊन उभे होते. काळेभोर केस, मोठी कॉलर, हातात श्रीखंडाची वाटी.

"काका, ओळखता का यांना?"

त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मग मागे वळून हॉलमधे बायकोला हाक मारली, "अगं ए, इकडे ये जरा. हा मीच आहे का बघ."